भरिताची साक्ष

"तोंड उघडा," नलू म्हणाली.

धर्मपालनं भर समाजमंदिरात तोंड उघडलं. बायकोनं वाकून वास घेतला. दारूचा नव्हता. मग तिनं वांग्याच्या भरिताची थाळी त्याच्यापुढं सरकवली.

समोर दारूबंदीच्या बाया बसल्या होत्या. नलू त्यांची अध्यक्ष; मतदान लावून गावातली बाटली आडवी केलेली बाई. आणि तिचाच नवरा जेवून उठला की डोळे लाल, कान लाल, डोकं धरून बसलेला! एकीनं तोंडावरच म्हटलं, आधी घरचं पाहा. अध्यक्षपद गेलं तर गेलं. पण आता नलूही निजताना त्याचं तोंड हुंगायची, ते धर्मपालच्या जिवाला फार लागलं होतं.

दारव्ह्याच्या डॉक्टरचं म्हणणं वेगळंच. काही खाण्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य असतं, ते काही माणसांच्या अंगाला झेपत नाही. रक्त तपासून खात्री होत नाही. वांगं, टमाटर, लोणचं, शिळंपाकं तीन आठवडे बंद. ताजी मुगाची खिचडी खायची, मग एकेक पदार्थ परत खाऊन पाहायचा. धर्मपाल बिचारा खिचडी गिळून वाळला, पण डोळे स्वच्छ झाले. आज वांग्याची पाळी होती.

त्यानं थाळी चाटूनपुसून साफ केली. थोड्या वेळानं कान पेटले, नाक गळू लागलं, अंगावर गांधी उठल्या. जन्मात एवढा आनंद त्याला झाला नव्हता. नलू तर रडलीच. "मी उगाच शक घेतला तुमच्यावर," म्हणाली.

झालं! त्याच आठवड्यात गावातल्या निम्म्या गड्यांना वांगं बाधू लागलं. शेजारच्या गावाहून झुलत यायचं, आणि बायको दारात दिसली की भरिताचं नाव घ्यायचं. निवृत्त मास्तर भगवानराव तर नाल्याकाठी आडवे पडून वांग्याला शिव्या देत होते.

नलूनं सगळ्यांना मायेनं समाजमंदिरात बसवलं. सगळ्यांपुढं एकेक थाळी ठेवली. मुगाची खिचडी. लोणच्याची फोडसुद्धा नाही.

"तीन आठवडे हेच खाचं," ती म्हणाली. "अन् दारूचा थेंबबी नाही. ज्याले वांगं बाधते, त्याले दारू तं लयच बाधते. डॉक्टरनंच सांगतलं."

भगवानरावांनी एक घास खाल्ला. थाळीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि हात जोडले.

"नलूबाई, वांग्याची आण घेतो. मी दारूच पेलो होतो."