हातातला फुगा

सकाळी दहा मिनिटं बाबांचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि मग सगळं पूर्ववत झालं. महिन्यातली ही तिसरी वेळ. झटका दहा मिनिटांचा आणि एमआरआयची रांग तीन तासांची, मग मेंदूत काही सापडणार तरी कसं? मुलगी अगदी मेटाकुटीला आली होती. पुढचा झटका मोठा असू शकतो, एवढंच डॉक्टर दर वेळी सांगत.

तंत्रज्ञाने बाबांच्या हातात रबरी फुगा दिला. "काका, त्रास झाला तर दाबा, बाहेर घंटी वाजेल."

यंत्र सुरू होताच घंटी वाजली.

"काय झालं काका?"

"अरे, मी कुठे दाबला?" आतून बाबा करवादले.

चार वेळा हेच झालं. शेवटी तपासणी उरकून तंत्रज्ञाने फुगा खुंटीला अडकवला आणि बाबांना बाहेर आणलं.

"दिसत तरी नाही काही," तो म्हणाला.

"डोकं रिकामंच आहे, मी सांगत होतो," बाबा मुलीला म्हणाले आणि शर्टाच्या गुंड्या लावू लागले.

"पुरे हो बाबा!"

घंटी पुन्हा वाजली. काचेपलीकडे यंत्र रिकामं होतं. खुंटीवरचा फुगा दबला होता.

तंत्रज्ञाने सवयीने माइक चालू केला. "काय होतंय?"

स्पीकरमधून बाबांचा सकाळचाच अडखळता आवाज आला. "छकुले... हात... उचलत नाहीये..."

मुलीच्या शेजारी उभ्या बाबांचा उजवा हात गुंडीवरून हळूच खाली घसरला.