आतल्या दोघी

दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र होतं, आणि दाराला कुलूप होतं.

"किल्ली माळ्याकडे असेल. आलोच," असं म्हणून मंडळाचे मास्तर काठी टेकत, पाय ओढत तळ्याकाठच्या वाटेने निघाले. सहलीआधी त्यांनी बागेच्या कचेरीत तीनदा फोन केला होता. वाट सपाट आहे ना? आहे. बस आतपर्यंत येते ना? येते. खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह आहे ना? आहे हो, किती वेळा सांगू! कुलपाचं विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"जरा पाय उचला, मास्तर!" पोस्टमावशी खुर्चीतून ओरडल्या. "तार आहे, साधं टपाल नाही!"

सगळे खो खो हसले. मावशींनी बावीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मज्जातंतूंच्या दुखण्याने आधी त्यांची सायकल सोडवली, मग नोकरी, मग चालणं. जिभेला तेवढा हात लावला नव्हता.

आई हसली नाही. ती मुलीकडे बघत होती. मुलीला ह्याच दुखण्याचं निदान होऊन आठ महिने झाले होते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती अजून पूर्ण वेळ काम करत होती, जिने चढत होती. डावा पाय जरासा घासायचा, तोही टक लावून बघणाऱ्यालाच कळेल इतपत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या दुखणेकऱ्यांचं मंडळ आहे, त्यांच्यात जा, बरं वाटेल. म्हणून आईनेच हट्टाने सहलीत नावं घातली होती. पण सकाळी बसच्या मागच्या दाराची लोखंडी फळी खाली आली आणि एकामागून एक सहा खुर्च्या वर चढल्या, तेव्हा आईलाच वाटलं, आपण पोरीला कुठे आणून बसवलं? तेव्हापासून ती मुलीला बदकं दाखवत होती, होड्या दाखवत होती, पाच वर्षांच्या पोरीला दाखवावीत तशी.

मास्तर परत येईनात. मावशींची बडबड थांबली. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, डोळे मिटले. मग पकड सैल झाली.

"राहू द्या आता," त्या हळूच म्हणाल्या. "मास्तरांना सांगा, टपाल पोचलं."

ह्यावेळी कोणी हसलं नाही. खुर्चीखालच्या फरशीवर पाण्याची रेघ सरकत होती. एकेकाने तळ्याकडे तोंड फिरवलं. आईनेही फिरवलं. चांगुलपणानेच फिरवलं.

इतक्यात मास्तर माळ्याला घेऊन धापा टाकत आले. कुलूप निघालं. आत पाण्याच्या नळ्यांची वेटोळी, खताची पोती आणि गवत कापायचं यंत्र.

"इथं कोणी येतच नाही हो कधी," माळी म्हणाला.

"येणार कसं?" मास्तरांचा आवाज फुटला. माळी ओशाळला आणि एकेक पोतं बाहेर ओढू लागला.

मुलगी पुढे झाली. तिने अंगातलं जाकीट काढून मावशींच्या मांडीवर पसरलं. मग खांद्यावरची पिशवी उघडून आतून आणखी एक पिशवी काढली. तिच्यात सैल विजार होती, आतले कपडे होते, मऊ टॉवेल होता. सगळं नीट घडी घालून ठेवलेलं.

"इलॅस्टिकची आहे मावशी, तुम्हांला होईल."

मावशींनी कपड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आणि तुला लागली तर गं?"

"आज नाही लागायची. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाहीये."

"असं करू नये, पोरी. मीही तेच करायचे. उलट जास्त त्रास होतो."

"कळतं हो," मुलगी म्हणाली. "पण बाहेर पडायचं म्हटलं की धीर होत नाही."

आई त्या घडीकडे बघत राहिली. शाळेच्या सहलीपासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत ह्या मुलीची पिशवी तिनेच भरली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डॉक्टरांकडे गेलो ना, त्याच्याही आधीपासून."

गेल्या वर्षी मुलगी आपले कपडे आपणच धुवायला लागली, तेव्हा आईने बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं, आता अंगाला वळण लागलं हो, स्वतःचं सगळं स्वतः करते. बहीण म्हणाली होती, नशीबवान आहेस.

जागा मोकळी झाली. मुलीने खुर्ची आत वळवली. आई लगबगीने मागे गेली. "थांब, मी धरते त्यांना. तुला झेपायचं नाही."

"भिंतीला कठडा आहे, मावशी धरून उभ्या राहतील." मुलीने तिच्या दंडाला हात लावून तिला हलकेच उंबऱ्याबाहेर केलं. "आम्ही करतो, आई. तू दार ओढून धर. आतून कडी नाहीये."

आईने दार ओढून धरलं. आत नळ सुटला. मावशी काहीतरी सांगत होत्या, मुलगी हूं हूं करत होती. मग एक पत्र्याचा डबा घरंगळत गेल्याचा आवाज झाला. मावशी काय पुटपुटल्या कोण जाणे, दोघी एकदम हसत सुटल्या. मुलीचं असं पोटातून आलेलं हसू आईने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

हात झटकत माळी जवळ आला. "बाई, काही हवं का?"

"आतल्यांना काही नकोय," आई म्हणाली, आणि दाराची मूठ तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.