डाव्या डोळ्याची कड

बाटली महिन्याभरात संपायला हवी होती. प्रेमाने ती खिडकीपाशी उजेडात धरली. अजून अर्धी भरलेली.

"बाबा, औषध दोन्ही डोळ्यांत घालता ना?"

"घालतो गो."

गिरणीत असताना डबा तसाच परत आणायचे, तेव्हाही ते आईला असंच "खाल्लं गो" म्हणायचे.

संपात गिरणी सुटली. या माघात आई गेली. तेव्हापासून प्रेमा दर रविवारी मुलुंडहून दहिसरला येत होती. बाबांच्या खाटेच्या डाव्या हाताला आईचं स्टूल होतं. तांदूळ निवडणं, वाटाणे सोलणं, बाबांच्या डोळ्यांत औषध घालणं, सगळं त्या स्टुलावरून चालायचं. प्रेमा त्यावर बसायला गेली.

"तिथे नको. उजवीकडे ये. डावीकडचं मला दिसत नाही."

"मग अडखळाल एखाद्या दिवशी. उचलून ठेवते."

"असू दे."

दुपारी बोरिवलीच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून तपासलं.

"काचबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, पण सारखा नाही. उजव्याची नाकाकडची बाजू गेलीय, बाकी बरा आहे. डाव्याचं मधलं सगळं गेलं. बाहेरची कड तेवढी उरलीय."

"कड म्हणजे?" प्रेमाने विचारलं.

"समोर बघताना डावीकडून रिक्षा आली, तर ती त्या कडेतच दिसणार. गेलेलं परत येत नाही. पण ही कड औषधाने टिकू शकेल."

"आणि नाही घातलं तर?" बाबा म्हणाले.

"तर जाईल."

"किती दिवसांत?"

घाबरले, प्रेमाला वाटलं. तिने त्यांचा हात धरला.

चाळीच्या जिन्यातच शेजारचे धाकूकाका भेटले. डॉक्टर काय म्हणाले ते प्रेमाने सांगितलं. "काय रे काशीराम, एकच डोळो र्‍हवलो? आता डोळो मारूची पंचाईत!"

बाबा हसले. माघानंतर पहिल्यांदाच. प्रेमालाही जरा हलकं वाटलं.

घरी येताच तिने त्यांना खाटेवर बसवलं, मान मागे टेकवली आणि उजव्या डोळ्यात थेंब घातला. तो त्यांनी मुकाट्याने घालून घेतला. डाव्याकडे वळली तर त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"हात काढा, बाबा."

"राहू दे."

"काय राहू दे? डावीकडचं दिसत नाही म्हणून खोटं सांगितलंत मला. महिनाभर एकाच डोळ्यात घालताय. आई असती तर चालवून घेतलं असतं तिने?"

बाबांनी तळहात काढला नाही. तिचा आवाज उतरला.

"आई गेली, बाबा. निदान तेवढी कड तरी राहू दे ना."

त्यांनी मान न वळवता डावा हात लांबवला, स्टूल चाचपलं, जरा जवळ ओढून घेतलं.

"जिथे दिसत नाही, तिथे तुझी आई असते गो. त्या कडेत तेवढं स्टूल रिकामं दिसतं."