पाच गुणांचा कावळा

अकराव्या उत्तरपत्रिकेशी प्रभाकरचं लाल पेन थांबलं.

जिल्ह्याच्या शालेय विज्ञान स्पर्धेत शेवटचा प्रश्न दरवर्षी वाकडा असे. तो काढायचं काम कॉलेजातला भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून प्रभाकरकडे होतं. यंदा त्यानं विचारलं होतं : दहाव्याच्या पिंडाला कावळा कधी शिवतो? शास्त्रीय कारणे लिहा. गुण पाच.

प्रश्न वाचून केदार म्हणाला होता, "सर, पोट्टे काय लिहितीन याच्यावर?"

"पाहू ना. तुले त येतच असन उत्तर."

केदार हसला नव्हता.

केदार अतिथी विद्वान, म्हणजे दरवर्षी नव्यानं ठेवला जाणारा मास्तर. पाच वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा घरी जेवायला आला, तेव्हा त्याच्या कुठल्याशा गोष्टीवर ऋता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. प्रभाकरनं एकवीस वर्षांच्या संसारात तिला तसं कधी हसवलं नव्हतं. त्या दिवशी त्याला भाजी अळणी लागली.

मागच्या उन्हाळ्यात ऋता गेली. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. तिच्या भावानं पुतणीला पाटल्या द्यायचं कबूल केलं. बहिणीनं तुळशीपाशी रोज दिवा लावीन म्हटलं. प्रभाकरनं हात जोडून तिची झाडं जगवीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. दीड तास गेला. मग केदार पुढं आला, खाली वाकला, काहीतरी पुटपुटला आणि कावळा उतरला.

"हौ, बराबर वळखलं पोरानं तिच्या मनातलं," कोणीतरी म्हणालं.

तिच्या मनातलं. केदारला माहीत होतं आणि प्रभाकरला नव्हतं. काय म्हणालास, हे त्यानं केदारला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर केदारनं सांगितलं असतं, आणि ते ऐकावं लागलं असतं.

विभागातल्या त्याच्या खोलीचं दार वाजलं. केदारच होता.

"सर, दुपारची गोळी घेतली का?"

"घेतली." घेतली नव्हती.

"मंग संध्याकाळी येतो. वांगे आणतो."

"रोज काहून येऊन राह्यला तू?"

"असंच सर. रस्त्यातच हाये तुमचं घर."

केदारची खोली रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती, घराच्या अगदी उलट दिशेला. तरी रोज सात वाजता तो येई आणि ऋताच्या फोटोसमोरच्या खुर्चीवर बसे. तो कोणासाठी येतो हे प्रभाकरला कळत होतं.

केदार गेल्यावर त्यानं टेबलावरच्या पत्राकडे पाहिलं. बिरशाच्या कॉलेजात एक मास्तर हवा होता. प्रभाकरनं सही केली की केदारला तिकडे जावं लागणार होतं. बिरसा लांब, जंगलातलं. तिथून रोज संध्याकाळी कोणी येऊ शकत नाही. सही चार दिवस राहिली होती.

त्यानं ती अकरावी उत्तरपत्रिका ओढली. नाव नव्हतं, नुसता क्रमांक.

'माझी आई घाटावर पत्रावळी विकते. सुट्टीच्या दिवशी मी तिथंच असते. दोन वर्षांत मी एकसष्ट पिंड पाहिले.

'निरीक्षण १ : सकाळच्या पहिल्या पिंडाला कावळा लगेच शिवतो. चौथ्याला उशीर लावतो. लोक म्हणतात, मेलेल्याची इच्छा राहिली. खरं म्हणजे कावळ्याच्या पोटात जागा राहिलेली नसते.

'निरीक्षण २ : कावळ्याचं धाडस भोवतालच्या माणसांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतं. जावई मोजलेले नाहीत. ते लांब सावलीत मोबाइल पाहतात.

'निरीक्षण ३ : वचनांचा परिणाम होत नाही. सोनं कबूल करणाऱ्यांना सरासरी चाळीस मिनिटं लागली, गप्प बसणाऱ्यांना अकरा. लोक बोलून थकतात, मागं जाऊन बसतात, मग कावळा येतो. जो शेवटी बोलला त्याला मान मिळतो.'

प्रभाकर हसला. एकट्यानं, मोठ्यानं. वर्षात पहिल्यांदा. केदार शेवटी बोलला होता, एवढंच. कोणाच्या मनातलं नाही आणि काही नाही. त्यानं पत्र फाडायला उचललं आणि दुसऱ्या हातानं पान उलटलं.

'निरीक्षण ४ : एक अपवाद आहे. मागच्या उन्हाळ्यात एका बाईचा पिंड होता. कोणी मागं सरलं नव्हतं, सगळे जवळच उभे होते. कॉलेजचे एक तरुण सर वाकून त्या बाईशी बोलले आणि कावळा सगळ्यांच्या मधून आला. याचं कारण मला शास्त्रानं सांगता येत नाही. मी द्रोण उचलायला वाकले होते म्हणून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. ते म्हणाले,'

पान संपलं.

म्हणजे पत्रावळीवालीच्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं. त्या बाईशी बोलले. पिंडाशी नाही, देवाशी नाही, तिच्याशी. प्रभाकरनं पत्र न फाडता पुढ्यात ठेवलं.

चैतराम शिपाई दारात आला. "सर, डाक जाऊन राह्यली. काही हाये का?"

"थांब." प्रभाकरनं सही केली, तारीख घातली, लिफाफा चिकटवला. "हे आजच गेलं पाहिजे."

"केदार सरायचं का? त्यायच्याच फटफटीवर त गाडी शिकून राह्यलो होतो मी," चैतराम म्हणाला आणि लिफाफा घेऊन गेला. खाली डाकेची गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली आणि तिचा आवाज रस्त्यावर विरला.

मग प्रभाकरनं पान उलटलं.

'"वैनी, तुमी बिनघोर जा. सरायले मी एक दिवस बी एकटं पडू देनार नाही."'