क्लिंगमनला मत कोण देणार?

१९११ साली इलिनॉयच्या विधानसभेत ऑगस्ट क्लिंगमन नावाचा एक आमदार होता. वडील जर्मनीहून बोटीने आलेले. हा दोनदा निवडून आला आणि दोन्ही वेळा त्याने बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध एकच भाषण ठोकलं. हिस्टरीच्या प्रोजेक्टमध्ये मी बिनधास्त लिहून टाकलं, 'आज या माणसाला एकसुद्धा मत मिळणार नाही.' टीचर म्हणाली, प्रूफ आण, नाहीतर मार्क कापेन.

प्रूफ म्हणजे काय, डाव्या हातचा मळ! रविवारी रवींद्रकाका आमच्याकडे आले, वीस वर्षांपूर्वी नागपूरहून वर्क व्हिसावर इकडे इलिनॉयला आलेले. नाव आणि साल न सांगता मी ते भाषण त्यांना दणक्यात वाचून दाखवलं. "हे लोक लोंढ्याने येतात, एकाच गल्लीत राहतात, स्वतःची दुकानं काढतात, घरात स्वतःचीच भाषा बोलतात. बस्स झालं, आता दार लावून घ्या!"

"अगदी बरोबर बोललाय," डेव्हनहून, म्हणजे आपल्या देशी दुकानांच्या गल्लीतून आणलेली चकली मोडत काका म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा क्वालिटी होती गं. हल्ली कोणीही उठतं नि येतं."

"म्हणजे तुम्ही याला व्होट द्याल?" माझा आवाजच चिरकला.

"सिटिझन झाल्यापासून असाच माणूस शोधतोय मी. कुठून उभा आहे?"

"काका, तो नव्वद वर्षांपूर्वी वारला."

काका मनापासून हळहळले. "तरीच या देशाचं हे असं झालंय!"