नमुना पाठ

पडद्यावर तिसरीतली ऋतुजा शब्दाशब्दावर बोट ठेवून इंग्रजी गोष्ट वाचत होती. शेवटचं वाक्य तिनं एका दमात वाचलं, तशा प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता कितवीत असेल हो ही?" एकानं विचारलं.

प्रशिक्षण देणाऱ्या देवकातेबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांच्याच वर्गातली पोर. झोपेत साप चावून गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. शेवटच्या रांगेत तिची आई तोंडाला पदर लावून बसली होती. दर प्रशिक्षणाला यायची.

सगळे जेवायला उठल्यावर बाई तिच्याजवळ गेल्या. "अलकाताई, हा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर टाकते. घरी बघत जा."

"घरी नगं, बाई. घरी ती मेलीया. हितं अजून साळंत हाय."