हिरवं सिम

सत्काराचा नारळ काखेत मारून पाठारे साहेब माइकसमोर उभे राहिले. जिल्हा परिषदेनं खेडोपाडीच्या नर्सबायांना मोबाइलचं नवं सिम दिलं होतं, आणि कंपनी निवडली होती साहेबांनी. "सगळ्यांत कमी वीज खाणारी, पर्यावरणस्नेही कंपनी!" साहेब गरजले.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मंदा वाघेरे सिस्टरनी नाक मुरडलं. वीज खाईल कशी? मेलीला टॉवरच नाहीत! मागच्या महिन्यात एक अडलेली बाई कळा देत होती आणि सिस्टर ॲम्ब्युलन्ससाठी हे सिम घेऊन रेंज शोधत टेकडीवर धावत होत्या. शेवटी दूधवाल्याच्या फोनवरून गाडी बोलावली, म्हणून बाई वाचली.

एवढ्यात अध्यक्षांना हुक्की आली. "पाठारे, लावा बरं एखाद्या सिस्टरला फोन. सगळ्यांना ऐकू दे."

"वाघेरे सिस्टरनाच लावतो," म्हणत साहेबांनी ऐटीत नंबर लावला आणि फोन माइकला टेकवला. सभागृहभर गोड आवाज घुमला, "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

सिस्टर ताडकन उठल्या. "अहो, मी इथंच आहे साहेब! तुमच्या नाकासमोर!"

सभागृहात खसखस पिकली. साहेबांचं तोंड कसं उतरतं ते बघायला सिस्टर मुद्दाम उभ्याच राहिल्या.

साहेबांनी शांतपणे फोन खिशात टाकला. "पाहिलंत? संपर्क झाला, आणि वीज लागली शून्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी खूश होऊन सिस्टरसाठीही एक नारळ मागवला.